पालथे

मकरपुरा जीआयडीसी, कोपऱ्यावरची शेड.
भिंतीवर ऑइलपेंटनं गुजरातीत सूचना,
तिच्याखाली खडूनं मी मराठीत:
पॅनल पालथे ठेवा.
नवा पोरगा आला की विचारतो, का?
रतिलालकाका मग एक उताणं करतात.
काचभर तडे, कोपऱ्यात कबुतराची शिट वाळलेली.
मीटर लावतात.
एकतीस व्होल्ट.
"मरेलुं नथी," म्हणतात, "रिटायर थयुं छे."
काका स्वतः काचकारखान्यातून
अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलेले.

ट्रक रिकामा झाला की फाळक्यात वाळू उरते,
रणाकाठची, पिठासारखी.
तेरा वर्षं तिकडे उभे होते.
हमी पंचवीसची होती.

आधी चौकट निघते.
ॲल्युमिनियमला कुणी काही विचारत नाही, ते लगेच खपतं.
मग पाठीवरची डबी, तांब्याच्या शेपट्या.
मग नाझनीन गरम पातं घालते
काचेच्या आणि निळ्या पापुद्र्याच्या मधून,
न फाटता साय काढावी तसं.
तापलेल्या गोंदाचा व्हिनेगरसारखा वास सुटतो,
तो बसमध्येही आमच्या शेजारी बसतो.

निळा चुरा माझ्या टेबलावर येतो.
त्याच्यावर बारीक, अगदी बारीक रेघा होत्या चांदीच्या,
ऊन गोळा करून आणणाऱ्या.
मी त्या आम्लात विरघळवते, वर मीठ सोडते,
आणि दूध नासावं तसं
पांढरं काहीतरी तळाशी बसतं.
त्याच्यावर लगेच काळं फडकं.
विसरलं तर खिडकीतली तिरीप पुरते,
पांढऱ्याचं जांभळं होतं, मग राखी.
तेरा वर्षं उन्हात उघडी होती हीच चांदी.
आता अंधारात, तपकिरी बाटलीत.
एका पॅनलमागे जेमतेम
जोडव्यांच्या एका जोडाइतकी.

मला बीएस्सीला प्रवेश मिळाला त्या जूनमध्ये
सुमनमावशीनं तिचा शालू मांडवीत नेला होता.
मी सोबत होते.
दुकानदारानं तो तिच्यासमोरच लोखंडी घमेल्यात पेटवला.
डाळिंबी रेशीम आधी गेलं,
मग काळी ढेप, ढेपेत तारेचा गुंता.
वजन झालं. मावशीनं पैसे दोनदा मोजले.
येताना रस्त्यात बोलली ती फक्त
केमिस्ट्रीच्या पुस्तकाबद्दल,
जुनं मिळेल का.
पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या डब्याच्या पिशवीचं अस्तर उसवलं,
तर आतून शिवलेला
पदरावरचा एक मोर.
जाळायला देण्याआधीच कापलेला असणार.
मी विचारलं नाही. अस्तर पुन्हा शिवलं.

काच बाटल्यांच्या भट्टीला जाते.
सिलिकॉन पोत्यांत भरून राहतं, भाव येईपर्यंत.
पाठीचं पांढरं प्लास्टिक मात्र कुणालाच नको.
जाळायचं नाही, पुरायचं नाही.
शेडमागे त्याचा ढीग वाढतोय,
आणि साहेब पाहुण्यांना शेड दाखवतात
ती पुढच्या दारानं.

मार्चमध्ये वहीत मी
दोनशे चौदाच्या जागी दोनशे तेरा लिहिले.
त्यातल्या एकाला तडा नव्हता.
नुसती धूळ होती, आणि एक कोपरा पिवळा.
काकांनी ते वॉचमनच्या केबिनवर चढवलं,
दोन वायरी, एक टेबलपंखा.
काचेवरचं अर्धं पाणी मी पुसलं, अर्धं त्यांनी.
ऑडिटला विचारतील. विचारोत.
"शिर्केबेन, आमचा हिशेब कच्चा," असं काका सांगणार आहेत.

ढग आला की पंखा थांबतो,
वॉचमन वर बघतो, टोपीनं वारा घेतो.
ढग सरकतो.
पातं आधी थरथरतं,
मग फिरायला लागतं.